परांची उतरल्यानंतर

शरीराचे बहुतेक भाग स्वतःची डागडुजी स्वतःच करतात. कातडी सोलली तर नवी येते, हाड मोडले तर काही आठवड्यांत सांधते, यकृताचा तुकडा काढला तरी उरलेले यकृत पुन्हा वाढते. दाताच्या इनॅमलला ही सोय नाही. मानवी शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ एकदाच तयार होतो आणि तो तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत नाहीशा झालेल्या असतात. माझे दात आम्लाने झिजू लागल्यापासून मी याच एका प्रश्नाभोवती वाचत आले आहे: ज्याचे कारागीरच उरलेले नाहीत, त्याची दुरुस्ती कोण करणार आणि कशाने? संशोधकांनी आजवर शोधलेल्या उत्तरांपैकी पेप्टाइडांचे, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांचे उत्तर मला सर्वांत आशेचे वाटते. त्या आशेची नेमकी हद्द कुठवर आहे, हे समजून घ्यायचे तर झिजलेल्या दातातून काय निघून जाते, ते आधी जवळून पाहावे लागते.

माझ्या बाबतीत आम्ल पोटातून आले. जठरातले आम्ल अन्ननलिकेतून वर चढण्याचा त्रास पुष्कळांना असतो; आडवे झाल्यावर ते घशापर्यंत, कधी तोंडापर्यंत पोहोचते आणि झोपेत लाळेचा स्राव अगदी कमी झालेला असल्यामुळे ते लवकर धुऊनही निघत नाही. दंतवैद्यांनी हवेच्या झोताने दात कोरडे करून आरशात दाखवले, तेव्हा दाढांच्या उंचवट्यांच्या टोकांवर लहान लहान खळगे दिसले आणि त्यांच्या तळाशी डेंटिनचा, म्हणजे इनॅमलखालच्या थराचा, पिवळसर रंग दिसला. एका दाढेत फार पूर्वी भरलेले फिलिंग आजूबाजूच्या दातापेक्षा थोडे वर उठून आले होते. फिलिंग अर्थातच वाढले नव्हते, भोवतालचा दात खाली गेला होता. वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू अस्वाभाविक गुळगुळीत झाली होती आणि त्यांच्या कडांमधून उजेड आरपार जात होता. आंबट खाल्ल्यावर कुणाचेही दात आंबतात आणि थोड्या वेळाने ते जाते. इथे मात्र गार पाण्याच्या घोटासरशी कळ जात होती.

याला कीड म्हणत नाहीत आणि हा फरक पुढच्या सगळ्या विवेचनाच्या मुळाशी आहे. कीड लागते तेव्हा जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात, ते आम्ल इनॅमलच्या आत झिरपते आणि पृष्ठभागाचा पातळ थर बराचसा शाबूत राहून त्याच्या खालून खनिज विरघळत जाते. सुरुवातीच्या किडीचा पांढरा डाग म्हणजे असा आतून सच्छिद्र झालेला भाग असतो. आम्लझीज वेगळी. तिथे आम्ल थेट पृष्ठभागावर येते, वरचे काही मायक्रोमीटर मऊ करते आणि तो मऊ थर जिभेच्या, ब्रशच्या किंवा समोरच्या दाताच्या घर्षणाने निघून जातो. किडीच्या पहिल्या टप्प्यात भिंत पोकळ होते पण उभी असते, आम्लझिजेत भिंतच थराथराने कमी होते. पोकळ जागेत खनिज परत भरणे आणि मोकळ्या पृष्ठभागावर नवा थर उभारणे ही दोन निराळी कामे आहेत. पेप्टाइडांविषयीच्या बातम्यांमध्ये ती सर्रास एक करून सांगितली जातात, याचा मला मनापासून खेद होतो, कारण झिजलेल्या दातांचा माणूस ती बातमी वाचतो आणि आपल्याला जे लागू नाही त्यावर भरवसा ठेवतो.

इनॅमलचे वजन पाहिले तर सुमारे 96 टक्के खनिज असते आणि उरलेल्यात पाणी व अगदी थोडे सेंद्रिय द्रव्य असते. हे खनिज म्हणजे हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट, कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचा स्फटिक. केवळ या द्रव्यामुळे इनॅमल इनॅमल होत नाही. हेच खनिज हाडात आहे, डेंटिनमध्येही आहे. इनॅमलमध्ये त्याचे स्फटिक अतिशय लांब आणि बारीक असतात, त्यांची रुंदी काही दशक नॅनोमीटर एवढीच असते. असे हजारो स्फटिक एका दिशेने जुळून सुमारे 5 मायक्रोमीटर जाडीची एक दांडी बनते आणि या दांड्या डेंटिनच्या सीमेपासून दाताच्या पृष्ठभागापर्यंत वळणे घेत, एकमेकींना छेदत जातात. दाढेच्या टोकावर हा थर जेमतेम अडीच मिलिमीटर जाड असतो. तरीही तो आयुष्यभर चावण्याचा भार सोसतो आणि एखादी भेग पडलीच तर दांड्यांच्या वळणांमुळे ती सरळ आत न जाता वाटेतच अडते. काच कठीण असते, पण एका तड्याने फुटते. इनॅमलचे टिकणे त्याच्या कठीणपणाइतकेच त्याच्या विणीवर अवलंबून आहे.

ही वीण कशी घातली जाते, ते वाचताना मी दरवेळी थबकते. अ‍ॅमेलोब्लास्ट नावाच्या पेशी दिवसाला सुमारे 4 मायक्रोमीटर एवढ्या संथ गतीने इनॅमलचा थर घालत मागे सरकत जातात. मात्र त्या थेट खनिज ओतत नाहीत. आधी त्या प्रथिनांचा एक मऊ गाभा तयार करतात. त्यातला सर्वांत मोठा वाटा, जवळजवळ 90 टक्के, अ‍ॅमेलोजेनिन या प्रथिनाचा असतो आणि एनॅमेलिन व अ‍ॅमेलोब्लास्टिन ही त्याची सोबती प्रथिने असतात. या गाभ्यात पहिले अतिबारीक स्फटिक लांबीच्या दिशेने वाढतात आणि प्रथिने त्यांना आडवे पसरू न देता ओळीत ठेवतात. लांबी पुरी झाली की विकरांचे, म्हणजे एन्झाइमांचे काम सुरू होते. आधी एमएमपी-20 आणि नंतर केएलके-4 ही विकरे प्रथिनांचे तुकडे करतात, पेशी ते तुकडे बाहेर काढून नेतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत स्फटिक जाड होत एकमेकांना भिडतात. इमारत उभी राहिल्यावर परांची उतरवून न्यावी, तसे हे आहे. फरक एवढाच की इथे परांचीबरोबर गवंडीही जातात. या प्रथिनांच्या किंवा विकरांच्या जनुकांत दोष असेल तर अ‍ॅमेलोजेनेसिस इम्परफेक्टा नावाचा जन्मजात विकार होतो आणि दाताचे कवच पातळ, मऊ किंवा ठिसूळ बनते. रक्तातून येणारे कॅल्शियम तेच, फॉस्फेट तेच, तरी परांची चुकली किंवा वेळेवर उतरली नाही तर भिंत बिघडते. पेप्टाइडांच्या सगळ्या संशोधनाचे बीज मला याच निरीक्षणात दिसते.

परांची पूर्णपणे उतरत नाही, ही एक सुंदर गोष्ट इथेच सांगावीशी वाटते. प्रथिनांचे काही तुकडे, म्हणजे पेप्टाइडच, स्फटिकांच्या सांदींत अडकून राहतात आणि तिथे ते विलक्षण टिकतात. स्पेनमधील अटापुएर्का येथे सापडलेल्या होमो अँटेसेसर या प्राचीन मानवाच्या सुमारे 8 लाख वर्षांपूर्वीच्या दाताच्या इनॅमलमधून असे तुकडे वेगळे करून वाचता आले आणि त्यांवरून त्या मानवाचे आपल्याशी असलेले नातेही तपासता आले. ते संशोधन 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. इतक्या जुन्या अवशेषांत जनुकद्रव्य सहसा हाती लागत नाही, पण इनॅमलने आपल्या घडणीच्या काळातले हे अंश जपून ठेवलेले असतात.

आता तोंडात उगवून आलेल्या दाताकडे येऊ. त्याच्याजवळ पेशी नसल्या तरी लाळ असते आणि लाळ ही साधी गोष्ट नाही. तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतके विरघळलेले असते की ते आपोआप साका होऊन दातांवर बसायला हवे. ते तसे बसत नाही, कारण लाळेत स्टॅथेरिन नावाचे 43 अमिनो आम्लांचे पेप्टाइड आणि प्रोलिनने समृद्ध अशी काही प्रथिने असतात, जी हे खनिज अवेळी साकळू देत नाहीत. त्यांच्यामुळेच लाळ कॅल्शियमने भरलेली राहूनही आपले दात दगडाच्या थराखाली जात नाहीत. हीच प्रथिने स्वच्छ दातावर काही मिनिटांत एक पातळ पापुद्रा तयार करतात आणि तो आम्लाचा पहिला वार काही प्रमाणात झेलतो. तोंडातला पीएच, म्हणजे आम्लतेचे माप (आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र), साधारण 5.5 च्या खाली उतरला की इनॅमल विरघळू लागते. तो वर चढला की लाळेतले खनिज मऊ झालेल्या थरात काही अंशी परतते. फ्लोराइड या परतीला मदत करते आणि त्याच्या सान्निध्यात बनणारे खनिज सुमारे 4.5 पीएचपर्यंत तग धरते. किडीविरुद्ध फ्लोराइडचा एवढा उपयोग का होतो, ते यातून कळते. पण जठरातल्या आम्लाचा पीएच 1 ते 2 च्या आसपास असतो, अनेक आंबट पेयांचाही 3 च्या जवळपास असतो आणि लिंबूवर्गीय फळांतले सायट्रिक आम्ल तर कॅल्शियमला पकडून ओढूनही नेते. त्या पातळीवर फ्लोराइडने बनलेले खनिजसुद्धा विरघळते. म्हणून आम्लझिजेत फ्लोराइड आवश्यक असले तरी पुरेसे पडत नाही आणि त्याच्या जोडीला आणखी काही शोधण्याची गरज इथेच उभी राहते.

या शोधातला सर्वांत जुना आणि सर्वांत रुळलेला पेप्टाइड दुधातून आला. मेलबर्न विद्यापीठात एरिक रेनॉल्ड्स यांनी केसिन या दुधातल्या प्रथिनाचे असे तुकडे वेगळे केले, ज्यांच्यावर फॉस्फेट जोडलेले सेरिन हे अमिनो आम्ल ओळीने येते. हे तुकडे कॅल्शियम आणि फॉस्फेट यांना अतिसूक्ष्म पुंजक्यांत धरून ठेवतात आणि दाताच्या पृष्ठभागाजवळ पोहोचवतात. सीपीपी-एसीपी या नावाने ते क्रीममध्ये आणि च्युइंगगममध्ये मिळते. माझ्या मते हा पेप्टाइड पुरवठादार आहे. तो माल जागेवर आणून देतो, पण तो कसा रचायचा हे सांगत नाही. सुरुवातीच्या पांढऱ्या डागांवर त्याचा उपयोग दिसतो, आम्लझिजेवरचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. दुधाच्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तो वापरू नये, हे वेष्टनावर लिहिलेले असते आणि ते वाचायलाच हवे.

रचनेकडे वळणारे पहिले मोठे पाऊल लीड्स विद्यापीठात पडले. अमालिया अगेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पी11-4 नावाचा, अवघ्या 11 अमिनो आम्लांचा पेप्टाइड तयार केला. पाण्यासारख्या पातळ अवस्थेत तो सुट्या साखळ्यांच्या रूपात असतो, पण पीएच उतरला आणि भोवती क्षार असले की या साखळ्या एकमेकींना चिकटून फिती आणि मग तंतू बनवतात. सुरुवातीच्या किडीच्या आत नेमकी हीच परिस्थिती असते. दंतवैद्य डागावरचा पृष्ठभाग स्वच्छ करतात, सौम्य आम्लाने त्याची छिद्रे उघडतात, पेप्टाइडचा थेंब सोडतात आणि काही मिनिटे थांबतात. द्रव आत झिरपतो, तिथे तंतूंचे जाळे होते आणि त्या जाळ्यावरचे ऋणभार लाळेतले कॅल्शियम ओढून घेतात. ही कल्पना मला फार देखणी वाटते, कारण इथे रोगानेच निर्माण केलेली आम्लता औषधाला जागा ओळखायला मदत करते. स्वित्झर्लंडमधील एका कंपनीने ते उत्पादन म्हणून आणले, माणसांवर चाचण्या झाल्या आणि लहान डागांसाठी ते आज वापरातही आहे. पण माझ्या दाढेवरच्या उघड्या खळग्याला आत झिरपण्यासाठी पोकळी नाही आणि जाळे धरून ठेवायला वर पृष्ठभागाचा थर नाही. पी11-4 ची ताकद ज्या गोष्टीत आहे, तीच गोष्ट आम्लझिजेत हरवलेली असते.

म्हणून मी अ‍ॅमेलोजेनिनपासून काढलेल्या पेप्टाइडांकडे अधिक लक्ष देऊन पाहते. अख्खे अ‍ॅमेलोजेनिन प्रयोगशाळेत बनवता येते, पण ते मोठे, महागडे आणि हाताळायला अवघड. तेव्हा प्रश्न असा विचारला गेला की या लांब साखळीतला कोणता तुकडा खनिजाला धरतो आणि कोणता त्याला दिशा देतो? सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात जॅनेट मोराडियन-ओल्डाक यांच्या गटाने अशा तुकड्यांतून पी26 आणि पी32 हे पेप्टाइड घडवले. त्याआधी त्यांनी अ‍ॅमेलोजेनिन कायटोसानच्या, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या द्रव्याच्या, जेलमध्ये घालून दातावर लावण्याचे प्रयोगही केले होते. वॉशिंग्टन विद्यापीठात मेहमेत सारिकाया यांच्या गटाने 15 अमिनो आम्लांचा एक तुकडा निवडला आणि मानवी दातांवर कृत्रिमरीत्या केलेल्या झिजेवर त्याने नवा खनिजथर बसतो, असे 2018 मध्ये दाखवले. हे प्रयोग होतात ते काढलेल्या दातांवर. दाताचा काप घेतात, आम्लाने त्याचा पृष्ठभाग खरवडतात, पेप्टाइड लावून तो कृत्रिम लाळेत ठेवतात आणि मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. अशी छायाचित्रे पाहताना मी आता थराच्या जाडीआधी स्फटिकांची दिशा पाहते. खालच्या जुन्या स्फटिकांच्या रेषेतच नवे स्फटिक उभे राहिले असतील आणि मध्ये सांधा दिसत नसेल, तर पेप्टाइडने खरोखर परांचीचे काम केले असे म्हणता येते. नवे स्फटिक वाटेल त्या दिशांना पसरलेले असतील, तर तो नुसता साका आहे; काही काळ दातावर राहील, कळ कमी करील, पण पहिल्या जोरदार घर्षणात निघून जाण्याची भीती राहील.

जाडीचाही प्रश्न आहेच. चीनच्या झेजियांग विद्यापीठातील संशोधकांनी 2019 मध्ये पेप्टाइडाशिवाय, कॅल्शियम फॉस्फेटच्या अतिसूक्ष्म आयनपुंजांचा वापर करून इनॅमलवर त्याच्याच स्फटिकांच्या दिशेने वाढलेला थर 48 तासांत मिळवला, तेव्हा तो दोन ते तीन मायक्रोमीटर जाड होता. अडीच मिलिमीटरच्या मूळ थरापुढे तो हजारावा हिस्सा. पहिल्या वाचनात माझी निराशा झाली. नंतर लक्षात आले की आम्लाच्या एका हल्ल्यात मऊ होणारा थरही याच मापाचा असतो. म्हणजे गेलेली दाढ परत उभी करण्याच्या दृष्टीने तीन मायक्रोमीटर काहीच नाहीत, पण आज मऊ झालेला थर उद्याच्या घर्षणाआधी पुन्हा घट्ट करण्याच्या दृष्टीने ते पुरेसे आहेत. झिजलेल्या दातांसाठी पेप्टाइडांचे पहिले खरे काम हेच असेल, असे मला वाटते: गेलेले परत आणण्याआधी जाणारे थांबवणे. खळगे भरायला रेझिनचे कंपोझिट आहेच आणि ते अजून बराच काळ राहील.

2025 मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठात अल्वारो माता यांच्या गटाने इलॅस्टिनच्या, म्हणजे कातडीला लवचिकपणा देणाऱ्या प्रथिनाच्या, धर्तीवर घडवलेल्या प्रथिनाचे एक जेल मांडले. ते दातावर पातळ लेपासारखे लावले की लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट घेऊन त्यावर इनॅमलच्या वळणाचे स्फटिक वाढतात आणि उघड्या पडलेल्या डेंटिनवरही ते लावता येते, असे त्यांनी काढलेल्या मानवी दातांवर दाखवले. घासणे, चावणे आणि आम्लाचा संपर्क यांची नक्कल करूनही तो थर तपासला. उघडे डेंटिन हे शब्द वाचताच मला माझ्या दाढेवरचे पिवळसर ठिपके आठवले आणि तो शोधनिबंध मी शेवटापर्यंत वाचला. काढलेल्या दाताला मात्र रात्री पोटातून वर येणारे आम्ल भेटत नाही. त्याच्याभोवती स्टॅथेरिनसारखी खनिज साकळू न देणारी प्रथिने सतत वाहत नसतात, जिवाणू आणि लाळ यांतली प्रथिने तोडणारी विकरे नसतात, जीभ नसते. तोंडात लावलेला पेप्टाइड पहिल्या काही मिनिटांतच पापुद्र्याशी जागेसाठी झगडतो आणि काही तासांत विकरांच्या तावडीत सापडतो. इनॅमल घडताना प्रथिने बंदिस्त जागेत, पेशींच्या देखरेखीखाली काम करतात आणि ठरलेल्या वेळी उतरवली जातात. उघड्या तोंडात ही शिस्त कशी आणायची, हा माझ्या मते आजचा सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि प्रयोगशाळेतली छायाचित्रे कितीही सुबक असली तरी त्याचे उत्तर त्यांत मिळत नाही.

तोवर मी जे करते ते साधे आहे. जठरातले आम्ल आटोक्यात ठेवण्याचे उपचार चालू आहेत, कारण हल्ला चालू असताना कोणताही थर टिकणार नाही. आम्ल तोंडात आले तर आधी साध्या पाण्याने चूळ भरते आणि मऊ झालेल्या दातांवर लगेच ब्रश चालवत नाही. टूथपेस्ट कथील आणि फ्लोराइड यांच्या संयुगाची, म्हणजे स्टॅनस फ्लोराइडची आहे, कारण कथिलाचे संयुग दातावर जो थर धरते तो आम्लापुढे साध्या फ्लोराइडपेक्षा अधिक टिकतो. दंतवैद्य दर तपासणीत दातांचे डिजिटल स्कॅन घेऊन आधीच्या स्कॅनशी ताडून पाहतात, म्हणजे झीज चालू आहे की थांबली, हे अंदाजाऐवजी मापाने कळते. ‘इनॅमल परत आणणारे’ असा दावा असलेले नवे उत्पादन समोर आले की मी त्यांना दोन गोष्टी विचारते: हे किडीच्या डागावर तपासले आहे की झिजलेल्या पृष्ठभागावर, आणि काढलेल्या दातावर की माणसाच्या तोंडात? आतापर्यंत या दोन्ही प्रश्नांना एकाच वेळी हवे ते उत्तर देणारे पेप्टाइड त्यांनी मला सुचवलेले नाही. ज्या दिवशी ते सुचवतील त्या दिवशी वरच्या दातांची टाळूकडची बाजू आधी करून घ्यायची, असे आमचे ठरले आहे, कारण तिथे अजून थोडे इनॅमल शिल्लक आहे आणि नव्या स्फटिकांना दिशा घ्यायला खाली जुने स्फटिक लागतात.